सागरी अपृष्ठवंशीयांचे वर्गीकरण आणि आपल्या जिल्ह्यातील शाळा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत सागरी अपृष्ठवंशीय प्राण्यांवर आलेला लेख मी मन लावून वाचला. देशावरच्या जिल्ह्यात निघणाऱ्या दैनिकाने या विषयाला पानभर जागा दिली, याचा प्राणिशास्त्राची शिक्षिका म्हणून मला मनापासून आनंद झाला. तरीही त्या लेखातील मांडणीबद्दल आणि त्यानंतर वाचकांच्या पत्रव्यवहारात उपस्थित झालेल्या एका प्रश्नाबद्दल लिहिणे मला आवश्यक वाटते. लेखात स्पंज, जेलीफिश, कृमी, शिंपला, खेकडा आणि तारामासा यांना एका शिडीच्या पायऱ्यांवर बसवून सर्वांत वर मनुष्याचे चित्र काढले होते आणि खालच्या पायऱ्यांवरील प्राण्यांना ‘अप्रगत’ म्हटले होते. पुढच्याच आठवड्यात एका पालकांनी विचारले, की समुद्रापासून इतक्या दूर राहणाऱ्या साताऱ्याच्या मुलांनी दहावीला या प्राणिसंघांची नावे आणि लक्षणे कशासाठी घोकायची? मला या दोन्ही गोष्टींचे मूळ एकच दिसते. वर्गीकरण म्हणजे पाठ करण्याची यादी, असा समज आपण शाळांमधून रूढ केला आहे. प्राण्याच्या देहाची रचना कशी आहे आणि त्याचे नाते कोणाशी आहे, हे त्या यादीमागचे प्रश्न मुलांपुढे येतच नाहीत.

‘अपृष्ठवंशीय’ हा प्राण्यांचा एक नैसर्गिक गट आहे, असे लेखात गृहीत धरलेले दिसते. वस्तुतः पाठीचा कणा असलेले प्राणी बाजूला काढल्यावर जे जे उरले, त्या सर्वांना सोयीसाठी दिलेले ते एकत्रित नाव आहे. स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियस यांनी १७५८ साली प्राणिसृष्टीचे सहा वर्ग पाडले, तेव्हा त्यांतील चार वर्ग कणा असलेल्या प्राण्यांसाठी होते, पाचवा कीटकांचा होता आणि सहाव्या ‘कृमी’ वर्गात गांडूळ, गोगलगाय, माकूळ, जेलीफिश, तारामासा असे एकमेकांशी काडीचेही साम्य नसलेले प्राणी एकत्र कोंबलेले होते. १७९३ मध्ये पॅरिसच्या संग्रहालयात या कीटकांचे व कृमींचे अध्यापन फ्रेंच शास्त्रज्ञ लामार्क यांच्याकडे आले. ते मूळचे वनस्पतिशास्त्राचे अभ्यासक होते आणि पन्नाशीच्या उंबरठ्यावर होते. या दुर्लक्षित गठ्ठ्याचा त्यांनी पुढील दहा वर्षांत इतका कसून अभ्यास केला, की कीटकांतून कवचधारी व कोळीवर्गीय प्राणी आणि कृमींतून गांडुळासारखे वलयांकित प्राणी असे स्वतंत्र वर्ग वेगळे झाले. कणा असलेले आणि नसलेले ही विभागणी त्यांनीच रूढ केली, परंतु कणा नसलेल्यांमध्ये किती खोल भेद आहेत हे दाखवण्यातही त्यांचाच पुढाकार होता. आज प्राण्यांचे तिसाहून अधिक संघ, म्हणजे मूलभूत देहरचनेवरून पाडलेले मोठे गट, मानले जातात. त्यांपैकी बहुतेकांचे प्रतिनिधी समुद्रात आहेत आणि बरेचसे संघ समुद्राबाहेर आढळतच नाहीत. कणा असलेले सर्व प्राणी, म्हणजे मासे, बेडूक, साप, पक्षी आणि आपण, हे यांपैकी केवळ एका संघाचा एक भाग आहोत.

त्या संघातही कणा नसलेले प्राणी आहेत. बंदरातल्या धक्क्याच्या खांबांना चिकटून राहणारे अ‍ॅसिडियन नावाचे प्राणी प्रौढावस्थेत दोन छिद्रे असलेल्या चिवट पिशवीसारखे असतात. एका छिद्राने पाणी आत घ्यायचे, त्यातील सूक्ष्म अन्न गाळायचे आणि दुसऱ्या छिद्राने पाणी बाहेर सोडायचे, एवढाच त्यांचा व्यवहार. त्यांना दीर्घकाळ शिंपल्यांच्या नात्यातले समजत असत. १८६६ मध्ये कोवालेव्स्की या रशियन शास्त्रज्ञांनी त्यांच्या डिंभाचा, म्हणजे अंड्यातून निघालेल्या पिल्लावस्थेचा, विकास तपासला, तेव्हा त्या मुक्तपणे पोहणाऱ्या डिंभाच्या शेपटीत पृष्ठरज्जू, म्हणजे पाठीला आधार देणारा लवचीक दांडा, आणि त्याच्यावरून जाणारी चेतारज्जू आढळली. हा डिंभ खडकाला चिकटला की शेपटी आणि पृष्ठरज्जू दोन्ही विरून जातात. अशा प्रकारे एका बैठ्या पिशवीचे स्थान शिंपल्यांच्या पंक्तीतून उठून आपल्या पंक्तीत आले. प्रौढ प्राणी कसा दिसतो एवढ्यावरच वर्गीकरण होत असते, तर हे नाते कधीच कळले नसते.

शिडीच्या चित्रातली दुसरी अडचण तारामाशाची आहे. लेखात तो खेकड्याच्या आणि माकुळाच्या खाली दाखवला होता, कारण त्याला डोके नाही, मेंदू नाही आणि त्याची सममिती पाच भागांची आहे. परंतु गर्भाच्या विकासात जे पहिले छिद्र तयार होते, त्याचे पुढे काय होते हे पाहिले पाहिजे. तारामाशाच्या कंटकचर्मी संघात आणि आपल्या समपृष्ठरज्जू संघात त्या छिद्राच्या ठिकाणी गुदद्वार बनते आणि मुख नंतर वेगळ्या जागी उघडते. मृदुकाय (शिंपले-गोगलगाई), वलयांकित आणि संधिपाद (खेकडे-कीटक) प्राण्यांची जडणघडण वेगळ्या वाटेने जाते. जनुकीय पुरावाही तेच सांगतो, की तारामासा, समुद्रकाकडी आणि समुद्री साळींदर हे आपले जवळचे आप्त आहेत, तर कल्पक म्हणून प्रसिद्ध असलेला ऑक्टोपस दूरच्या शाखेवर आहे. तारामाशाच्या पाच बाजूही मूळच्या नव्हेत. त्याचा डिंभ डावी-उजवी बाजू असलेला, द्विपार्श्व सममितीचा असतो. त्या डिंभाच्या डाव्या अंगाला प्रौढ देहाचा अंकुर धरतो आणि तेथून पाच भागांची रचना वाढते. हे चित्र फळ्यावर काढले, की मागच्या बाकावरची मुलेही मान वर करून पाहतात, हा माझा अनुभव आहे.

शिवाय आज जिवंत असलेला कोणताही प्राणी दुसऱ्या जिवंत प्राण्याचा पूर्वज नाही. सुमारे ५० कोटी वर्षांपूर्वीच्या कँब्रियन काळातल्या खडकांत स्पंज, संधिपाद, मृदुकाय आणि कंटकचर्मी असे कितीतरी संघ आधीच हजर आहेत आणि तेव्हापासून प्रत्येकाने आपापल्या वाटेने तितकाच काळ काढला आहे. (आपल्या अजिंक्यताऱ्याच्या उतारावर असे सागरी जीवाश्म शोधण्यात मात्र अर्थ नाही. तो सारा सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा थर आहे.) म्हणून स्पंज हा अपुरा राहिलेला प्राणी नव्हे. त्याला मुख नाही, पोट नाही, मज्जातंतू नाहीत, पण त्याच्या अंगावरच्या असंख्य छिद्रांतून पाणी आत येते, आतल्या पेशी आपल्या चाबकासारख्या कशाभिका हलवून तो प्रवाह चालू ठेवतात, अन्नाचे कण टिपतात आणि पाणी वरच्या मोठ्या छिद्रातून बाहेर पडते. १९०७ मध्ये अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ एच. व्ही. विल्सन यांनी जिवंत स्पंज बारीक रेशमी कापडातून पिळून त्याच्या पेशी सुट्या केल्या, तेव्हा त्या पेशी तळाशी जाऊन हळूहळू एकमेकींना चिकटल्या आणि त्यांतून पुन्हा स्पंज घडला. हे सामर्थ्य आपल्या देहातील पेशींत नाही.

वर्गीकरण घोकून येत नाही, शोधावे लागते, याचे सर्वांत बोलके उदाहरण मला बार्नॅकलचे वाटते. गुहागर, गणपतीपुळे किंवा मालवणला सहलीला गेलेल्या प्रत्येक मुलाने ते पाहिलेले असते, बहुधा त्यावर अनवाणी चालताना पाय कापूनही घेतलेला असतो. काळ्या खडकावर भरतीच्या पाण्याच्या पट्ट्यात शंकूच्या आकाराची पांढुरकी, धारदार कवचे दाटीवाटीने बसलेली असतात. ओहोटीला ती निर्जीव दिसतात. खडकातल्या एखाद्या डबक्यात, पाण्याखाली असलेल्या बार्नॅकलजवळ मात्र सावली न पाडता थोडा वेळ बसून राहिले, तर माथ्यावरची फट उघडते, आतून पिसांसारख्या केसाळ अवयवांचा एक झुपका बाहेर येतो, पाण्यातून ओंजळ फिरवावी तसा फिरतो आणि आत जातो; पुन्हा येतो, पुन्हा जातो. ते त्याचे पाय आहेत. सहा जोड्या, प्रत्येकाच्या दोन शाखा, आणि सर्व सांध्यांनी जोडलेले.

कठीण चुनखडीचे कवच आणि एका जागी चिकटून राहणे या दोन लक्षणांवरून फ्रान्सच्या क्युव्हिए यांच्यासारख्या मातब्बर शास्त्रज्ञांनीही बार्नॅकलला मृदुकाय प्राण्यांत, म्हणजे शिंपले-गोगलगाईंच्या सोबत ठेवले होते. १८३० मध्ये जॉन व्हॉन थॉम्पसन यांनी समुद्राच्या पाण्यातून जाळीने पकडलेले सूक्ष्म डिंभ काचपात्रात वाढवून पाहिले. कोळंबीच्या नात्यातला शोभेल असा तो पोहणारा डिंभ तळाला चिकटला आणि त्याचा बार्नॅकल झाला. म्हणजे हा प्राणी कवचधारी संधिपाद, खेकड्या-कोळंबीचा भाऊबंद. त्यानंतर चार्ल्स डार्विन यांनी १८४६ ते १८५४ अशी आठ वर्षे या एकाच गटाच्या अभ्यासात घालवली. उत्क्रांतीचा सिद्धांत डोक्यात असतानाही त्यांना आधी एका गटाचे वर्गीकरण हाताने करून पाहणे आवश्यक वाटले, हे मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगत आले. याच कुळात सॅक्युलिना नावाचा परजीवी आहे. तो खेकड्याच्या शरीरात मुळांसारखा पसरतो आणि बाहेरून केवळ एक मऊ पिशवी दिसते. पाय नाहीत, खंड नाहीत, कवच नाही. दहावीच्या पुस्तकातले संधिपादांचे एकही लक्षण त्यात सापडणार नाही. त्याची ओळख पटते ती केवळ डिंभावरून.

आता त्या पालकांच्या प्रश्नाकडे येते. समुद्र साताऱ्यापासून दूर आहे हे खरे, पण समुद्रातले अपृष्ठवंशीय प्राणी आपल्या बाजारात, देवघरात आणि सराफाच्या दुकानात रोज येतात. आठवडी बाजारात सुकी मासळी विकणाऱ्या बाईंच्या टोपलीत बोंबिलाशेजारी जवळ्याचा ढीग असतो. बोंबील हा मासा आहे, जवळा मासा नव्हे. ती कोळंबीच्या नात्यातली, कायम लहानच राहणारी एक जात आहे. मूठभर जवळा घरी आणून त्यातले न मोडलेले चार-पाच निवडावेत, कोमट पाण्यात अर्धा तास भिजत ठेवावेत आणि पांढऱ्या बशीत घेऊन हातभिंगाखाली पाहावेत. काळे टपोरे डोळे दांड्यांवर बसवलेले दिसतात. डोके आणि छाती एका ढालीखाली एकत्र आहेत, मागे पोटाचे सहा खंड एकात एक सरकलेले आहेत, त्यांच्या खाली पोहण्याचे वल्ह्यासारखे पाय आहेत आणि शेवटी शेपटीचा पंखा. संधिपाद संघाची व्याख्या, म्हणजे खंडयुक्त देह, सांधे असलेले अवयव आणि कायटिनचे बाह्यकंकाल, त्या बशीत समोर असते. आणखी एक बारकावा येथेच दाखवता येतो. कोळंबी, खेकडा आणि जवळा हे ज्या गणात येतात, त्या गणाची ओळख चालण्याच्या पायांच्या पाच जोड्यांवरून सांगितली जाते. जवळ्यात मात्र शेवटच्या दोन जोड्या नाहीशा झालेल्या असून तीनच उरल्या आहेत. तरीही तो त्याच गणात आहे, कारण त्याच्या बाकीच्या सर्व रचना आणि त्याचा वंश तेथलाच आहे. पाय मोजून गण ठरत नाही, नाते ओळखून ठरतो, हे शिकवायला याहून स्वस्त साधन मला ठाऊक नाही.

आयुर्वेदिक औषधांच्या दुकानात समुद्रफेस मिळतो. नावावरून तो लाटांचा फेस वाटतो, प्रत्यक्षात ते माकुळाच्या कुळातील एका प्राण्याचे शरीराच्या आत असलेले कवच आहे. त्याचा तुकडा आडवा मोडला तर पातळ पडद्यांनी विभागलेले शेकडो थर दिसतात. त्या कप्प्यांतल्या द्रवाचे आणि वायूचे प्रमाण बदलून हा प्राणी पाण्यात हव्या त्या खोलीवर तरंगत राहतो. त्यावर लिंबाचा रस पिळला की बुडबुडे येतात, कारण तो शिंपल्याप्रमाणेच कॅल्शियम कार्बोनेटचा असतो. गोगलगाईने कवच पाठीवर वाहिले, शिंपल्याने त्याचे दोन दरवाजे केले, माकुळाने ते आत घेतले आणि ऑक्टोपसने जवळजवळ टाकूनच दिले. ही सर्व एकाच मृदुकाय संघाची, एकाच देहरचनेची रूपे आहेत. माकूळ आणि ऑक्टोपस यांना तीन हृदये असतात, त्यांचे रक्त तांबेयुक्त हिमोसायनिनमुळे निळसर असते, आणि त्यांच्या डोळ्यांत मज्जातंतू पडद्याच्या मागून निघत असल्यामुळे आपल्या डोळ्यात असतो तसा अंधबिंदू नसतो. अशा प्राण्याला ‘अप्रगत’ म्हणण्यापूर्वी थोडा विचार व्हावा.

आराध्यांच्या आणि गोंधळ्यांच्या गळ्यातली कवड्यांची माळ आपल्याकडे कोणी पाहिली नाही असे होणार नाही. कवडीला बाहेरून वेटोळे दिसत नाही, त्यामुळे ती गोगलगाईच्या वर्गातली आहे यावर मुले विश्वास ठेवत नाहीत. एखादी जुनी, फुटलेली कवडी सहाणेवर कडेने घासत नेली, की आत मधल्या खांबाभोवती फिरलेले वेटोळे उघडे पडते. लहान वयाच्या कवडीचे कवच पातळ आणि साध्या गोगलगाईसारखे असते. प्राणी वाढला की कवचाची कड आत वळून जाड होते, तिच्यावर दात येतात आणि वेटोळे झाकले जाते. जिवंतपणी प्राण्याचे प्रावार, म्हणजे कवच घडवणारी मऊ त्वचेची घडी, दोन्ही बाजूंनी वर येऊन कवच झाकून टाकते व त्यावर नवे थर देत राहते, म्हणून कवडीला ती चकाकी असते. पूजेतला शंखही याच वर्गातला. सराफाकडचे लाल पोवळे मात्र थेट भूमध्य समुद्रातल्या प्रवाळाचे असते. त्याच्या प्रत्येक जीवाला आठ पिसासारखे शुंडक, म्हणजे तोंडाभोवतीचे सोंडेसारखे अवयव, असतात, तर समुद्रात खडक उभारणाऱ्या प्रवाळांत ही संख्या सहाच्या पटीत असते.

आणि समुद्राचे आप्त आपल्या नद्यांतही आहेत. कृष्णेच्या काठी, वाईपासून सांगलीपर्यंत, वाळूत सापडणारे मोठे शिंपले हे सागरी शिंपल्यांचेच भाऊबंद. सागरी शिंपल्यांचे डिंभ पाण्यात मुक्तपणे पोहत पसरतात. नदीत असे केले तर पुराबरोबर सगळी पिढी समुद्रात वाहून जाईल. म्हणून नदीच्या शिंपल्यांचे डिंभ माशांच्या कल्ल्यांना किंवा परांना चिकटून काही काळ तेथे परजीवी म्हणून राहतात, माशासोबत प्रवाहाच्या उलट दिशेलाही जातात आणि मग तळाशी पडून वाढू लागतात. नदीत मासे कमी झाले की शिंपलेही कमी का होतात, याचे एक कारण येथे आहे.

याहून विलक्षण गोष्ट आपल्या जिल्ह्यातल्या फार थोड्या लोकांना ठाऊक आहे. १९११-१२ च्या सुमारास सातारा जिल्ह्याच्या पश्चिम भागात, कृष्णेच्या उपनद्यांच्या खोऱ्यात, गोड्या पाण्यातली जेलीफिश सापडली. ती शोधण्यात शंकर पुरुषोत्तम आघारकर यांचा मोठा वाटा होता. तेच पुढे नामवंत वनस्पतिशास्त्रज्ञ झाले आणि पुण्यातील संशोधन संस्था आज त्यांचे नाव धारण करते. कोलकात्याच्या इंडियन म्युझियममधील नेल्सन अ‍ॅनंडेल यांनी तिचे वर्णन करून तिला लिम्नोक्निडा इंडिका असे नाव दिले. हा वंश तोपर्यंत केवळ आफ्रिकेतून ज्ञात होता. जेलीफिश आणि प्रवाळ ज्यात येतात तो निडारिया हा मुख्यतः सागरी संघ. देहभित्तीत पेशींचे दोनच थर, मध्ये पारदर्शक जेली, मुख आणि गुद यांचे एकच द्वार आणि शत्रूच्या अंगात सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाइतक्या अल्प वेळात विषारी तंतू सोडणाऱ्या दंशपेशी, ही त्याची ओळख. अशा संघाचा एक नाजूक प्रतिनिधी सह्याद्रीतल्या डोहात पोहतो आणि आमच्या जिल्ह्यातली मुले जेलीफिशचे चित्र पुस्तकातून उतरवून काढतात, याचे मला फार वाईट वाटते.

याच्या उलट बाजूही तितकीच शिकवण्याजोगी आहे. स्पंज, निडारिया, मृदुकाय, वलयांकित, संधिपाद हे सर्व संघ गोड्या पाण्यात आले. कंटकचर्मी मात्र आला नाही. सुमारे ७,००० जातींच्या त्या संघातील एकही जात नदीत किंवा तळ्यात राहत नाही. तारामाशाच्या शरीरातील नलिकांत खेळणारे पाणी आणि देहद्रव हे जवळपास समुद्राच्याच क्षारतेचे असतात, ही क्षारता राखण्यासाठी लागणारी उत्सर्जन इंद्रिये त्याच्याकडे नाहीत, आणि त्याचे असंख्य नलिकापाद, म्हणजे चालण्याचे नळीसारखे लहान पाय, पातळ त्वचेचे असल्यामुळे गोडे पाणी त्यांतून आत शिरत राहील. कृष्णेत शिंपला का आहे आणि तारामासा का नाही, हा प्रश्न परीक्षेत विचारला तर विद्यार्थ्याला संघाची लक्षणे समजली आहेत की नाही हे एका उत्तरात कळेल.

मुलांना हेही सांगायला हवे, की ही मांडणी अजून चालू असलेले काम आहे. गांडुळासारखे वलयांकित आणि कीटक-खेकड्यांसारखे संधिपाद हे खंडयुक्त देहामुळे जवळचे, असे आम्हाला शिकवले गेले. १९९० च्या दशकातील जनुकीय अभ्यासांनी वलयांकितांना शिंपल्या-गोगलगाईंच्या जवळ नेले आणि संधिपादांना कात टाकणाऱ्या प्राण्यांच्या गटात गोलकृमींच्या शेजारी ठेवले. प्राण्यांच्या वंशवृक्षावर सर्वांत आधी स्पंज वेगळे झाले की कंकतधर, म्हणजे टिनोफोर नावाचे जेलीसारखे पारदर्शक सागरी प्राणी, यावर आजही वाद चालू आहे.

सुट्टीत आपल्याकडच्या कितीतरी शाळांच्या सहली कुंभार्ली घाटातून किंवा आंबा घाटातून कोकणात उतरतात, म्हणून दोन सूचना कळकळीने कराव्याशा वाटतात. किनाऱ्यावर पडलेली जेलीफिश मेलेली असली, तरी तिच्या दंशपेशी काम करीत असतात. पावसाळ्याच्या दिवसांत निळसर फुग्यासारखा दिसणारा, जेलीफिशच्या नात्यातला फायसेलियाही किनाऱ्याला लागतो आणि त्याचे शुंडक फार लांबवर पसरलेले असतात. मुलांनी यांना हात लावू नये. दुसरे म्हणजे, प्रवाळ, समुद्रकाकड्या आणि काही जातींचे शंख-शिंपले यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षण दिलेले आहे, समुद्रकाकड्यांना तर २००१ पासून. त्यामुळे जिवंत किंवा मेलेले नमुने पिशवीत भरून आणू नयेत. उलटवलेला दगड पुन्हा होता तसा ठेवावा, कारण त्याच्या खालच्या बाजूला राहणारे जीव उन्हात तासाभरात मरतात. रत्नागिरीला मत्स्यालय व संग्रहालय आहे, तेथे दोन तास दिले तर वर्षभराच्या प्रकरणाला पुरेल इतके पाहायला मिळते.

माझी मागणी मोठ्या खर्चाची नाही. आपल्या जिल्ह्यातील प्रत्येक माध्यमिक शाळेने विज्ञानाच्या खोलीत एक पेटी ठेवावी. तिच्यात कडेने घासलेली कवडी, समुद्रफेसाचा तुकडा, बाजारातला सुका जवळा, बाजारातून आणलेल्या खेकड्याचे वाळवलेले कवच, नदीचा शिंपला आणि एक बरे हातभिंग असावे. वर्गीकरणाचे प्रकरण सुरू करताना फळ्यावर संघांची नावे लिहिण्याऐवजी आधी ही पेटी मुलांच्या हाती द्यावी आणि कोण कोणाजवळ ठेवायचे, का ठेवायचे, हे त्यांनाच ठरवू द्यावे. ती चुकीचे ढीग करतील. क्युव्हिए यांनीही केला होता. त्यानंतर शिक्षकांनी डिंभांची चित्रे दाखवून ते ढीग पुन्हा लावायला सांगावेत. जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र विभागांकडे जतन केलेले जुने नमुने असतात. वर्षातून एक दिवस त्यांनी आपली कपाटे आसपासच्या शाळांसाठी उघडावीत आणि नमुन्यांसोबत ते समजावून सांगणारा माणूसही उभा करावा.

आपल्याकडेही एक विनंती आहे. पुरवणीत दर आठवड्याला एकेका संघावर लहानसा मजकूर द्यावा आणि त्याची सुरुवात लिम्नोक्निडापासून करावी, म्हणजे हा विषय आपल्या मातीतला आहे हे वाचकांना लगेच कळेल. तसेच त्या लेखासोबत छापलेले शिडीचे चित्र बदलून त्या जागी फांद्यांचा वंशवृक्ष छापावा. त्यात तारामासा आपल्या फांदीजवळ आणि माकूळ शिंपल्याच्या फांदीवर असावा. पुरवणीतली चित्रे कापून शाळांच्या भित्तिपत्रकांवर लावली जातात आणि तेथे ती पुढे अनेक वर्षे राहतात, म्हणून हा बदल परीक्षांच्या आधी झाला तर बरे होईल.

आपली विश्वासू,
प्राणिशास्त्राची एक निवृत्त शिक्षिका,
सातारा